तीन वर्षं, २७० दिवस, ८ तास: सर्व्हर चालू ठेवायला नेमकं काय लागतं?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ तलाठी कार्यालय असो, रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र असो की बँकेतला पासबुकचा काउंटर, हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. दुसरीकडे बँकेचा मेसेज येतो: ‘देखभालीच्या कामासाठी रविवारी पहाटे काही तास सेवा बंद राहील.’ आपण दोन्हींवर सारखेच वैतागतो. खरं तर या दोन गोष्टींचं नातं उलटं आहे. दुसरी वेळच्या वेळी झाली, तर पहिलीची पाळी कमी येते.

‘सर्व्हर डाऊन’मागे कारणं अनेक असतात. कधी इंटरनेटची केबल तुटते, कधी सॉफ्टवेअर गडबडतं, कधी एकाच वेळी लाखो लोक निकाल बघायला धावतात. हा लेख त्यातल्या सगळ्यात कमी बोलल्या जाणाऱ्या कारणाबद्दल आहे: खुद्द सर्व्हर नावाचं यंत्र आणि त्याच्या सुट्या भागांत बसवलेलं, कुणाला न दिसणारं सॉफ्टवेअर.

सर्व्हर आपल्या संगणकापेक्षा वेगळा कशात?

मुळात तोही संगणकच. फरक इतकाच की, तो वर्षानुवर्षं बंद न करता चालावा अशा बेताने बनवलेला असतो. पॉवर सप्लाय दोन असतात, एक जळाला तर दुसरा पूर्ण भार उचलतो. पंखे एकापेक्षा जास्त असतात. डिस्क समोरच्या बाजूने, यंत्र चालू असतानाच काढता-घालता येतात.

मेमरी मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे. मेमरीत सगळं काही शून्य आणि एक या दोनच खुणांनी साठवलेलं असतं. अशा एका खुणेला बिट म्हणतात. विजेतल्या गडबडीने, चिपमधल्या दोषाने किंवा अवकाशातून येणाऱ्या कणांच्या माऱ्यानेही एखादा बिट आपोआप उलटू शकतो. २००३ साली बेल्जियमच्या निवडणुकीत ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला अचानक ४,०९६ मतं जास्त दिसली. मिळणं शक्यच नव्हतं इतका आकडा झाला म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट उलटल्यावर पडणारा फरक. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, तेव्हा बिट उलटला असावा हाच निष्कर्ष उरला.

म्हणून सर्व्हरच्या मेमरीत प्रत्येक ओळीसोबत तपासणीचे काही जादा बिट साठवतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं. या मेमरीला ईसीसी म्हणतात. यामागची मूळ कल्पना रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली बेल लॅब्जमध्ये असताना मांडली. असं खरंच किती वेळा होतं? गूगलच्या हजारो सर्व्हरवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी साधारण एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची दुरुस्त करता येण्यासारखी निदान एक चूक नोंदली गेली होती. म्हणजे ही दुर्मीळ घटना नाही. फक्त आपल्यापर्यंत पोचण्याआधीच ती निस्तरलेली असते.

फर्मवेअर म्हणजे काय?

विंडोज किंवा लिनक्स आपल्याला माहीत असतं. पण बटण दाबल्यावर विंडोज सुरू व्हायच्या आधी कुणीतरी मेमरी मोजावी लागते, डिस्क शोधावी लागते, पंखे फिरवावे लागतात. हे काम करणारा प्रोग्राम त्या त्या भागातल्या चिपमध्येच लिहिलेला असतो. तो म्हणजे फर्मवेअर.

आणि ते एक नसतं. सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मदरबोर्डचं फर्मवेअर वेगळं (त्यालाच लोक अजून सवयीने बायोस म्हणतात), नेटवर्क कार्डाचं वेगळं, डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं वेगळं, प्रत्येक डिस्कचं स्वतःचं, पॉवर सप्लायचंसुद्धा. एका साध्या सर्व्हरमध्ये अशी दहा-पंधरा फर्मवेअर सहज निघतात. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, आणि कुठली कुठलीबरोबर नीट चालते याचे तक्तेच कंपन्या प्रसिद्ध करतात.

यात आणखी एक भाग आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा, पूर्ण स्वतंत्र संगणक असतो. एचपीई कंपनीच्या सर्व्हरमध्ये त्याला आयएलओ म्हणतात, डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक. सर्वसाधारण नाव बीएमसी. सर्व्हर बंद असला तरी वायर प्लगमध्ये आहे तोवर बीएमसी जागा असतो. पुण्यात बसलेला इंजिनीअर ऐरोलीतल्या डेटा सेंटरमधला बंद सर्व्हर याच्याच जोरावर सुरू करतो, तापमान बघतो, कुठला भाग कधी रुसला याची नोंदवही वाचतो.

३२,७६८वा तास

आता मूळ गोष्ट. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना तातडीची सूचना पाठवली. त्यांच्या सर्व्हरमध्ये आणि साठवणुकीच्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या काही एसएसडी (चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या) डिस्क, एकूण ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडणार होत्या. हिशेब केला तर तीन वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर डिस्कही परत येणार नव्हती आणि तिच्यातला डेटाही. उपाय एकच: ती वेळ यायच्या आत फर्मवेअर बदलणं.

हा आकडा वाचला की संगणकाच्या लोकांच्या डोक्यात लगेच घंटा वाजते, कारण ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. त्यात पाचच आकड्यांची जागा असायची. ९९,९९९ नंतर एक किलोमीटर पुढे गेलं की काटा परत शून्यावर. संगणकातही आकडा ठेवायला ठरावीक जागा द्यावी लागते. सोळा बिटांची जागा दिली आणि त्यात उणे आकडेही बसवायचे ठरवलं, तर सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्यात एक मिळवला की काटा उलटून थेट उणे ३२,७६८ दाखवतो. डिस्क आपण किती तास चाललो हे मोजत असते. तो आकडा अचानक उणे झाला, तर पुढचं गणित कोलमडणं ओघाने आलंच.

डिस्कमध्ये झीज झालेली नव्हती, ती तापलेली नव्हती, कुणी पाडलेली नव्हती. हार्डवेअर ठणठणीत होतं. आत लिहिलेल्या एका मोजणीची जागा अपुरी पडली, एवढंच.

चारच महिन्यांत, मार्च २०२०मध्ये, दुसरी सूचना आली. या वेळी वेगळ्या मॉडेलच्या डिस्क, आणि मर्यादा ४०,००० तासांची: चार वर्षं, २०६ दिवस, १६ तास. डेलनेही आपल्याकडच्या काही डिस्कसाठी अशीच सूचना दिली. इथे कारण वेगळं होतं, कारण ४०,००० हा दोनाचा घात नाही. पण दोष पुन्हा फर्मवेअरमध्येच होता.

‘पण एक डिस्क गेली तरी डेटा दुसरीवर असतोच ना?’

ही शंका रास्त आहे. सर्व्हरमध्ये डेटा एकाच डिस्कवर ठेवत नाहीत. तो अनेक डिस्कवर अशा रीतीने पसरवतात की एक (काही रचनांत दोन) गेली तरी उरलेल्यांतून सगळं परत उभं करता येतं. या रचनेला रेड म्हणतात. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने ती रूढ केली.

पण या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक गृहीत आहे: डिस्क आपापल्या वेळी, एकमेकींशी संबंध नसताना बिघडतील. आज एक, कदाचित पुढच्या वर्षी दुसरी. प्रत्यक्षात काय होतं? सर्व्हर विकत घेतला की आठच्या आठ डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, त्याच फर्मवेअरच्या येतात आणि एकाच दिवशी, एकाच मिनिटाला चालू होतात. मग ३२,७६८वा तासही सगळ्यांचा एकदमच भरणार. एचपीईने आपल्या सूचनेत हेच बजावलं होतं: एकत्र कामाला लावलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाण्याची शक्यता आहे.

राखीव सर्व्हर असला तरी? जुलै २०२२मध्ये ‘हॅकर न्यूज’ या तंत्रज्ञानाच्या जगातल्या सुप्रसिद्ध संकेतस्थळाचं नेमकं असंच झालं. मुख्य सर्व्हरच्या डिस्क गेल्या, काम राखीव सर्व्हरवर गेलं आणि काही तासांत त्याच्याही डिस्क गेल्या. दोन्ही यंत्रांच्या डिस्क सारख्याच आणि एकाच वयाच्या होत्या. नंतरच्या छाननीत सगळ्यात जास्त शक्यता दिसली ती या ४०,००० तासांच्या दोषाची. संकेतस्थळ परत उभं राहिलं ते दुसरीकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे.

रेड आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. रेड यंत्र थांबू देत नाही. बॅकअप यंत्र जळून गेलं तरी डेटा परत देतो. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५मध्ये डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना ती भडकली, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणाऱ्या सेवेचा सुमारे ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याचा बॅकअप बाहेर कुठेही नव्हता. आत डिस्कची रचना कितीही चांगली असती, तरी आगीपुढे तिचा काय उपयोग?

बिघाड शोधतात कसा?

सर्व्हरच्या दर्शनी भागावरचा दिवा पिवळा होतो तिथून काम सुरू होतं. चांगला हार्डवेअर इंजिनीअर लगेच स्क्रूड्रायव्हर उचलत नाही. तो आधी बीएमसीची नोंदवही वाचतो. तिथे लिहिलेलं असतं: अमुक तारखेला, अमुक वाजता, ए३ खाचेतल्या मेमरीत दुरुस्त झालेल्या चुकांची मर्यादा ओलांडली. हे वाचतानाही बीएमसीचं घड्याळ बरोबर आहे का ते बघावं लागतं. ते चुकीचं असेल, तर लिनक्समधल्या नोंदी आणि बीएमसीच्या नोंदी जुळत नाहीत आणि दोन दिवस भलत्याच मागावर जातात.

मग प्रश्न येतो: मेमरीची पट्टी खराब आहे की ती बसवायची खाच? उत्तर काढायची रीत फार सुंदर आहे. ए३ मधली पट्टी बी३ मध्ये बसवायची आणि बी३ ची ए३ मध्ये. तक्रार पट्टीबरोबर बी३ वर गेली, तर पट्टी बदला. तक्रार ए३ वरच राहिली, तर दोष मदरबोर्डमध्ये किंवा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या एखाद्या वाकलेल्या पिनमध्ये. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम इथे कुणीही मोडू नये. पट्टीही बदलली, फर्मवेअरही चढवलं, वायरही नवी लावली आणि दिवा हिरवा झाला, तर नेमकं काय बिघडलं होतं हे कधीच कळत नाही. महिन्याभराने तोच दिवा पुन्हा पिवळा होतो.

कधी कधी गडबड खुद्द बीएमसीत असते. मग नुसतं शटडाऊन करून काही होत नाही, कारण तो जागाच असतो. दोन्ही पॉवर वायर काढून काही क्षण थांबावं लागतं. वायर पुन्हा लावल्यावर तो मुळापासून सुरू होतो.

आणि डिस्क बदलणं, जे दिसायला सगळ्यात सोपं! सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका रचनेत (रेड ५) एकच डिस्क गेलेली चालते. एक गेली आहे आणि तुम्ही घाईत तिच्या शेजारची, चांगली डिस्क ओढली, तर खेळ तिथेच संपू शकतो. म्हणून आधी कंट्रोलरला सांगून त्या नेमक्या डिस्कचा दिवा लुकलुकवतात, अनुक्रमांक ताडून बघतात आणि मगच हात घालतात. नवी डिस्क बसवल्यावरही काम संपत नाही. तिच्यावर डेटा परत उभा राहायला काही तास, मोठ्या डिस्कना कधी दिवसही लागतात, आणि तेवढ्या वेळात उरलेल्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात. त्यातली आणखी एखादी कमकुवत असेल, तर ती इथेच मान टाकते.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’

हा आक्षेप मला समजतो. छोट्या रुग्णालयात, सहकारी बँकेत, साखर कारखान्यात सर्व्हर एका खोलीत एसीच्या वाऱ्यात चालू असतो. त्याला हात लावून तो बंद पडला तर जबाबदार कोण? ‘आमचा सर्व्हर तीन वर्षं रीस्टार्टसुद्धा केलेला नाही’ असं अभिमानाने सांगणारे लोकही असतात.

त्यांनी एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एका प्रोसेसरबद्दल जरूर वाचावं. एपिक मालिकेतली ‘रोम’ नावाची दुसरी पिढी २०१९ साली बाजारात आली. २०२३मध्ये तिच्यातला एक दोष चर्चेत आला: शेवटच्या रीस्टार्टनंतर साधारण १,०४४ दिवसांनी प्रोसेसरचा एखादा भाग विश्रांतीच्या अवस्थेतून जागाच होत नाही. एएमडीने तो दुरुस्त करणार नसल्याचं सांगितलं. तेवढे दिवस भरायच्या आधी यंत्र रीस्टार्ट करा किंवा ती विश्रांतीची सोय बंद ठेवा, एवढाच मार्ग. म्हणजे ज्याने तीन वर्षं यंत्राला हात लावला नाही, नेमका तोच अडकणार.

दुसरं कारण सुरक्षेचं. बीएमसी ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळा सर्व्हर. २०१७मध्ये आयएलओच्या चौथ्या पिढीत सापडलेली त्रुटी ऐकून विश्वास बसत नाही: एका विशिष्ट ठिकाणी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा पाठवलं की पासवर्ड न देता आत शिरता येत होतं. नव्या फर्मवेअरने ते दार बंद झालं, पण ज्यांनी ते चढवलं त्यांच्यापुरतंच. मार्च २०२५मध्ये एएमआय कंपनीच्या बीएमसी फर्मवेअरमध्ये तितकीच गंभीर, दहापैकी दहा गुणांची त्रुटी जाहीर झाली. हे फर्मवेअर अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये असतं. जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती ‘प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जात असलेल्या’ त्रुटींच्या यादीत टाकली. बीएमसीची वायर इंटरनेटला उघडी ठेवणं म्हणूनच अक्षम्य आहे. तिच्यासाठी वेगळं, बंदिस्त नेटवर्कच हवं.

‘मग नवं फर्मवेअर आलं की लगेच टाकायचं?’

नाही. फर्मवेअर चढवताना मध्येच वीज गेली तर तो भाग निकामी होऊ शकतो. नवी आवृत्ती जुना दोष काढते आणि कधी नवा आणतेही. शिवाय क्रम असतो: काही वेळा आधी बीएमसी, मग मदरबोर्ड, मग कंट्रोलर, काही वेळा मधली एक आवृत्ती आधी चढवल्याशिवाय पुढची बसतच नाही.

जाणते लोक आधी कंपनीचं टिपण शब्दन् शब्द वाचतात. मग बॅकअप घेतात, आणि तो परत आणता येतो का हे खरोखर आणून बघतात. मग कमी महत्त्वाच्या एका यंत्रावर नवी आवृत्ती चढवून काही दिवस वाट बघतात आणि त्यानंतर बाकीच्यांकडे वळतात. मुख्य आणि राखीव अशी जोडी असेल, तर दोन्हींवर एकाच रात्री काम करत नाहीत. तातडीची सूचना मात्र या रांगेत थांबत नाही. डिस्कचे ३२,७०० तास झाले असतील, तर वाट बघायला उरतात जेमतेम तीन दिवसांच्या आतले तास.

काही दोषांना फर्मवेअरचा उपायच नसतो, हेही खरं. २०१७मध्ये इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० चिपमधला घड्याळाचा दोष उघड झाला. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने सांगितलं की ही चिप असलेली उपकरणं साधारण १८ महिन्यांनंतर बंद पडू लागू शकतात. तिथे उपकरणच बदलून द्यावं लागलं.

‘सगळं क्लाउडवर टाकलं की कटकट मिटली?’

तुमची बरीचशी मिटते, कारण ती दुसऱ्या कुणाच्या पदरात जाते. क्लाउडही शेवटी नवी मुंबईत किंवा आणखी कुठे रॅकमध्ये रचलेले सर्व्हरच. मोठ्या कंपन्यांकडे इतकी यंत्रं असतात की चालू काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवून पहिल्याची देखभाल करता येते, आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. चाळीस-पन्नास माणसांच्या संस्थेला हे जमणारं नाही, म्हणून तिच्यासाठी क्लाउड बऱ्याचदा शहाणपणाचं असतं. बॅकअपची जबाबदारी मात्र तिथेही बहुतेक वेळा तुमचीच राहते. करार वाचा.

तुमच्या संस्थेत सर्व्हर असेल तर

संचालक मंडळावर असाल, रुग्णालय किंवा शाळा चालवत असाल, तर फर्मवेअर स्वतः कळायची गरज नाही. देखभालीचा करार ज्यांच्याशी आहे त्यांना काही गोष्टी मात्र विचारा, आणि उत्तर लेखी मागा. आमच्या डिस्कचं मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि चाललेले तास किती? कंपनीच्या तातडीच्या सूचना कुणाच्या ईमेलवर येतात, आणि तो माणूस अजून नोकरीत आहे का? बॅकअपमधून डेटा शेवटचा कधी परत आणून बघितला? बीएमसीचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच तर नाही ना? सर्व्हरच्या खोलीचं तापमान कुठे नोंदतात? या यंत्रांसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस हा सर्वमान्य पल्ला आहे. रविवारी एसी बंद ठेवून वीज वाचवणाऱ्या कार्यालयांत उन्हाळ्यात तो सहज ओलांडला जातो.

यादीत आणखी एक तारीख घाला. संगणक सुरू होताना चालू होणारं सॉफ्टवेअर अस्सल आहे की नाही, हे मदरबोर्डचं फर्मवेअर डिजिटल प्रमाणपत्रांवरून तपासतं. मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या अशा प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, पण नवी प्रमाणपत्रं बसवलेली नसतील तर सुरू होण्याच्या टप्प्यावरच्या पुढच्या सुरक्षा सुधारणा त्याला मिळणार नाहीत. जुन्या सर्व्हरना त्याआधी मदरबोर्डचं नवं फर्मवेअर लागू शकतं, आणि ते चढवायला यंत्र रीस्टार्ट करावंच लागेल. त्यासाठी एखादा रविवार आत्ताच ठरवा आणि ग्राहकांना आधी कळवा.